बालकांच्या मेंदूतील गाठी : किरणोपचार कोणता, केव्हा आणि कोठे?

कृष्णाकाठचा बागायती पट्टा आणि माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणप्रवण भाग अशी दोन भिन्न रूपे सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना लाभली आहेत. आरोग्यसेवेच्या बाबतीत मात्र या परिसराला जुनी परंपरा आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, आणि तेव्हापासून दूरदूरच्या गावांतील, सीमेपलीकडील कर्नाटकातीलही, रुग्ण उपचारांसाठी मिरजेची वाट धरू लागले. पुढे कराड, सातारा व सांगली येथेही मोठी रुग्णालये उभी राहिली. एकेकाळी केवळ मुंबईत मिळणारा कर्करोगावरील किरणोपचार आज या दोन जिल्ह्यांतच उपलब्ध आहे.

असे असले तरी, एखाद्या लहान मुलाच्या मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले की त्याच्या कुटुंबापुढे अचानक अनेक प्रश्न उभे राहतात. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर सांगतात की, आता किरण द्यावे लागतील. कोणी म्हणते, जवळच मिरजेला किंवा कराडला घ्या. कोणी म्हणते, मुंबईला गेल्याशिवाय गत्यंतर नाही. तर कोणी प्रोटॉन नावाच्या नव्या यंत्राचे नाव सुचवून, त्यासाठी जमीन विकावी लागली तरी मागेपुढे पाहू नका, असा सल्ला देतो. शेतकरी किंवा ऊसतोड कामगार असलेल्या पालकाला या सल्ल्यांचे मोल कसे ठरवावे हे कळत नाही, आणि या गोंधळात मौल्यवान दिवस निघून जातात. म्हणूनच किरणोपचाराचे निरनिराळे प्रकार कोणते, त्यांच्यातील फरक नेमका कशात आहे आणि कोणत्या मुलाला कशाचा लाभ होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

गाठी अनेक, उपचारही अनेक

बालकांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाच्या खालोखाल मेंदूतील गाठींचा क्रम लागतो. परंतु ‘मेंदूतील गाठ’ हे एकाच रोगाचे नाव नव्हे. मुलांमध्ये यांतील बऱ्याच गाठी डोक्याच्या मागील बाजूस, लहान मेंदूत किंवा त्याच्या आसपास होतात. त्यांतील काही गाठी अत्यंत संथपणे वाढणाऱ्या असतात. अशी गाठ शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढता आली, तर पुष्कळदा किरणांची गरजच पडत नाही; केवळ ठरावीक काळाने एमआरआय तपासणी करून लक्ष ठेवले जाते. याउलट मेड्युलोब्लास्टोमा ही गाठ वेगाने वाढते आणि तिच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून पाठीच्या मज्जारज्जूपर्यंत पसरू शकतात. १९२५ मध्ये हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या अमेरिकी तज्ज्ञांनी या गाठीला हे नाव दिले. त्या काळी केवळ शस्त्रक्रियेने हा रोग बरा होत नसे. १९५३ मध्ये मँचेस्टर येथील एडिथ पॅटर्सन यांनी आपल्या सहकाऱ्यासह, गाठीच्या जागेबरोबरच संपूर्ण मेंदू व मज्जारज्जूलाही किरण दिल्यास मुले वाचू शकतात, हे दाखवून दिले. आज शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार यांची योग्य सांगड घातली, तर फारशी न पसरलेली मेड्युलोब्लास्टोमाची गाठ असलेल्या दहापैकी सुमारे आठ मुले, सुसज्ज केंद्रांतील अनुभवानुसार, पाच वर्षांनंतरही हयात असतात.

ही मोठीच प्रगती होय. पण तिच्याबरोबर एक नवी जबाबदारीही आली. जे मूल वाचणार आहे त्याला पुढे पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य जगावयाचे आहे. त्याला शाळा शिकावयाची आहे, त्याची उंची वाढावयाची आहे, त्याला स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे आहे. म्हणून गाठ नष्ट करणे एवढेच उद्दिष्ट आता पुरेसे राहिलेले नाही. गाठीभोवतीचा निरोगी मेंदू किती वाचविता येईल, याला तितकेच महत्त्व आले आहे. किरणोपचाराच्या विविध प्रकारांमधील खरा फरक येथेच आहे.

किरण नेमके काय करतात?

किरणोपचारात वापरले जाणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांचा चटका जाणवत नाही आणि ते घेताना वेदनाही होत नाहीत. पेशीच्या केंद्रात असलेल्या आनुवंशिक द्रव्यावर ते आघात करतात. गाठीतील पेशींना हे नुकसान सहजासहजी भरून काढता येत नाही, आणि विभाजनाच्या वेळी त्या मरतात. निरोगी पेशी मात्र मधल्या काळात बऱ्याच अंशी सावरतात. म्हणूनच संपूर्ण मात्रा एकदम न देता ती लहान लहान हप्त्यांत, आठवड्यातून पाच दिवस, अशी साधारणपणे सहा आठवडे देण्यात येते. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. मेंदूतील अनेक गाठींना एकूण ५४ ग्रे एवढी मात्रा सुमारे ३० हप्त्यांत दिली जाते.

बालकाचा मेंदू वाढीच्या अवस्थेत असल्याने त्याला किरणांची इजा प्रौढांपेक्षा अधिक होते. मूल जितके लहान, तितका हा धोका मोठा. यामुळेच तीन वर्षांखालील मुलांत शक्य तोवर किरण टाळून प्रथम औषधोपचारांवर भर दिला जातो. मोठ्या मुलांतही स्मरणशक्ती, एकाग्रता आणि शिकण्याचा वेग यांवर परिणाम होऊ शकतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला अधिक मात्रा मिळाल्यास वाढीची व इतर संप्रेरके कमी पडतात. कानाच्या आतील भागाला किरण लागल्यास ऐकू येणे कमी होते. अनेक वर्षांनी त्याच भागात दुसरी गाठ उद्भवण्याची शक्यताही, कमी का होईना, असते. याचा अर्थ किरण घेऊच नयेत असा नव्हे. ज्या मुलाला त्यांची गरज आहे त्याने ते टाळले, तर गाठ त्याचा जीव घेते. मात्र आवश्यक तेवढेच आणि आवश्यक तेथेच किरण पडावेत, याची दक्षता घेतली पाहिजे.

कोबाल्टपासून रेषीय प्रवेगकापर्यंत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील किरणोपचार मुख्यतः कोबाल्ट यंत्रावर चालत असे. कॅनडात १९५१ मध्ये या यंत्राने रुग्णांवर उपचार सुरू झाले. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूतून सतत गॅमा किरण बाहेर पडतात आणि ते गाठीवर सोडले जातात. यंत्र मजबूत व कमी खर्चाचे असून विजेचा लपंडावही त्याला फारसा बाधत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे देशी बनावटीचे कोबाल्ट यंत्र विकसित केले, तेही याच गुणांसाठी. परंतु त्याला दोन मर्यादा आहेत. कोबाल्टचे बळ दर सव्वापाच वर्षांनी निम्मे होते, त्यामुळे त्याचा स्रोत वेळोवेळी बदलावा लागतो. शिवाय त्याच्या किरणांच्या झोताची कड धूसर असते; कंदिलाच्या प्रकाशाची कडा जशी हळूहळू विरत जाते, तशी. बालकाच्या मेंदूत काही मिलिमीटरचा फरकही महत्त्वाचा ठरत असल्याने, पर्याय उपलब्ध असताना मुलांच्या मेंदूसाठी कोबाल्ट यंत्र वापरणे योग्य समजले जात नाही.

आज सर्वत्र रूढ झालेले यंत्र म्हणजे रेषीय प्रवेगक. रुग्णालयांत त्याला ‘लिनॅक’ म्हणतात. यात किरणोत्सारी धातू नसतो. विजेच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन वेगवान करून ते धातूच्या पट्टीवर आदळविले जातात आणि त्यातून शक्तिशाली क्ष-किरण निर्माण होतात. या किरणांच्या झोताची कड अधिक रेखीव असते. यंत्राच्या मुखाशी टंगस्टनच्या अनेक पातळ पट्ट्या बसविलेल्या असतात. संगणकाच्या आज्ञेनुसार त्या आतबाहेर सरकतात आणि झोताला गाठीच्या आकाराप्रमाणे आकार देतात.

पूर्वीच्या साध्या पद्धतीत दोनतीन दिशांनी चौकोनी झोत सोडला जाई आणि गाठीभोवतीचा बराच निरोगी भाग त्यात सापडे. आता सीटी स्कॅन व एमआरआयच्या चित्रांवरून गाठीची त्रिमितीय आकृती तयार करतात आणि अनेक दिशांनी आकारबद्ध झोत सोडतात. याच्या पुढच्या पद्धतीत प्रत्येक झोतातील किरणांची तीव्रताही ठिकठिकाणी कमीजास्त करता येते; तिला ‘आयएमआरटी’ म्हणतात. डोके घट्ट स्थिर ठेवून, अत्यंत काटेकोर मोजमापाने जेव्हा किरण दिले जातात, तेव्हा त्या पद्धतीला ‘स्टिरिओटॅक्टिक’ ही संज्ञा आहे. ‘गामा नाइफ’ हे नावही अनेकांच्या कानांवर आलेले असते. यात सुरी नसते; अतिशय लहान जागी एकाच दिवशी मोठी मात्रा देण्याची ती पद्धत आहे. बालकांच्या बहुतेक गाठींसाठी तिचा उपयोग मर्यादितच होतो.

परळ येथील एक महत्त्वाचा अभ्यास

अचूक पद्धतीने खरोखर किती लाभ होतो, या प्रश्नाचे विश्वसनीय उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. मुंबईतील परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथे डॉ. राकेश जलाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात, मेंदूत संथपणे वाढणाऱ्या गाठी असलेल्या २०० मुलांचा व तरुणांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, कोणाचीही आवडनिवड न ठेवता, त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने आणि दुसऱ्याला स्टिरिओटॅक्टिक आकारबद्ध पद्धतीने किरण दिले गेले. मात्रा दोघांनाही सारखीच, म्हणजे ३० हप्त्यांत ५४ ग्रे होती. त्यानंतर पाच वर्षे त्यांची बुद्धिमापन चाचणी व संप्रेरकांची तपासणी नियमितपणे करण्यात आली.

२०१७ मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. गाठ आटोक्यात राहणे आणि रुग्ण जगणे या बाबतींत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. परंतु अचूक पद्धतीने उपचार झालेल्यांची बुद्धिमत्ता अधिक चांगली टिकून राहिली. पाच वर्षांत संप्रेरकांचा नवा बिघाड नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५१ टक्के रुग्णांत झाला. अचूक पद्धतीच्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते.

या अभ्यासाचा दुसरा बोध सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांसाठी विशेष मोलाचा आहे. हा लाभ अतिशय महागड्या यंत्राने मिळालेला नाही. तो क्ष-किरणांच्याच अचूक वापराने, काळजीपूर्वक आखणीने आणि डोके स्थिर ठेवण्याच्या शिस्तीने मिळाला आहे.

प्रोटॉन : थांबणारा किरण

क्ष-किरण शरीरात शिरले की गाठीवरच थांबत नाहीत. वाटेतील भागाला ते मात्रा देतात, आणि गाठ ओलांडून पलीकडून बाहेर पडतानाही देतात. प्रोटॉन हा हायड्रोजनच्या अणूच्या केंद्रातील कण वेगळ्या रीतीने वागतो. तो शरीरात शिरताना थोडी ऊर्जा सोडतो, ठरावीक खोलीवर पोचताच उरलेली बहुतेक ऊर्जा एकदम सोडतो आणि तेथेच थांबतो. त्याच्या पलीकडे जवळजवळ काहीच जात नाही.

सांगली जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा फरक पाण्याच्या दाखल्याने सहज समजेल. उघड्या पाटाने पाणी सोडले की वाटेतील सगळी जमीन भिजते आणि इच्छित शेत भिजल्यावरही पाणी पुढे वाहत जाते. बंद नळाने पाणी नेले तर वाटेत थोडे पाझरते खरे, पण ते मुख्यतः तोंडाशीच पडते. क्ष-किरण हे पाटाच्या पाण्यासारखे आणि प्रोटॉन हे नळाच्या पाण्यासारखे म्हणता येतील. चारी बाजूंनी पाट आणून मधल्या शेतात पाणी अधिक साचविणे ही आयएमआरटीची युक्ती होय. पण त्यात आजूबाजूची बरीच जमीन थोडीथोडी ओली होतेच.

प्रोटॉनचा असा उपयोग करता येईल, ही कल्पना अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये मांडली, आणि १९५४ मध्ये बर्कले येथे पहिल्या रुग्णावर उपचार झाले. भारतात हा उपचार प्रथम २०१९ मध्ये चेन्नई येथील एका खासगी रुग्णालयात उपलब्ध झाला. त्यानंतर टाटा स्मारक केंद्राच्या नवी मुंबईतील खारघर येथील संस्थेत राष्ट्रीय हॅड्रॉन किरणोपचार सुविधा उभी राहिली. ११ मे २०२३ रोजी ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली, आणि त्याच वर्षी तेथे रुग्णांवर उपचारही सुरू झाले. तेथील सायक्लोट्रॉन यंत्र प्रोटॉनांना प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे साठ टक्क्यांपर्यंत वेग देते, आणि ते तीन उपचारकक्षांकडे वळविले जातात. शासकीय क्षेत्रातील ही सुविधा सातारा-सांगलीपासून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आहे.

प्रोटॉनचा सर्वांत स्पष्ट लाभ मेड्युलोब्लास्टोमासारख्या रोगात, जेथे संपूर्ण मेंदू व मज्जारज्जूला किरण द्यावे लागतात, तेथे दिसतो. क्ष-किरण पाठीतून शिरून छाती व पोटातून बाहेर पडतात. साहजिकच हृदय, थायरॉइड ग्रंथी व आतडी यांना मात्रा मिळते. प्रोटॉन मणक्यापाशीच थांबविता येतात. २०२० मध्ये अमेरिका व कॅनडातील ७९ मुलांच्या तुलनेत, मेड्युलोब्लास्टोमासाठी प्रोटॉन घेतलेल्या मुलांची बुद्धिमत्ता क्ष-किरण घेतलेल्या मुलांपेक्षा पुढील वर्षांत अधिक चांगली टिकल्याचे आढळले. हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, दोन वेगळ्या केंद्रांतील होते. म्हणून या पुराव्याचे वजन परळच्या अभ्यासाइतके नाही. तथापि त्याची दिशा आशादायक आहे.

हेही लक्षात ठेवले पाहिजे की, प्रोटॉन गाठीवर अधिक प्रखर हल्ला करतात असे नाही. गाठीला मिळणारा परिणाम क्ष-किरणांइतकाच असतो, आणि गाठ बरी होण्याची शक्यताही सर्वसाधारणपणे तेवढीच असते. जे वाचते ते आजूबाजूचे निरोगी शरीर. शिवाय गाठ मेंदूच्या देठाला चिकटून असेल, तर प्रोटॉनची आखणी फार जपून करावी लागते. अन्यथा त्या नाजूक भागाला इजा होऊ शकते.

कोणत्या मुलाला कोणता उपचार?

यावरून काही मार्गदर्शक गोष्टी स्पष्ट होतात. बरे होण्याची चांगली शक्यता, कोवळे वय आणि मोठ्या भागाला किरणांची गरज, या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे प्रोटॉनचा विचार प्राधान्याने व्हावयास हवा. मेड्युलोब्लास्टोमा, लहान वयातील एपेन्डायमोमा आणि पीयूषिका ग्रंथीजवळील क्रेनिओफॅरिंजिओमा ही त्याची उदाहरणे होत. जागा मर्यादित असल्याने प्रत्येक मुलाला प्रोटॉन मिळणे शक्य नाही. ज्यांना त्याचा लाभ सर्वाधिक, त्यांची निवड तज्ज्ञ करतात. प्रोटॉन न मिळाल्यास अचूक क्ष-किरणांनी केलेला उपचार हा दुय्यम किंवा कामचलाऊ उपचार नव्हे. जगातील बहुसंख्य मुले आजही त्यानेच बरी होतात.

याउलट मेंदूच्या देठात पसरलेली एक गाठ अशी आहे की, तिच्यावर कोणताही किरण कायमचा विजय मिळवू शकत नाही. किरणांनी मुलाचे चालणे, बोलणे, गिळणे काही महिने सुधारते. परंतु बहुतेक मुले निदानानंतर वर्षभराच्या आसपास दगावतात. अशा वेळी प्रोटॉनसाठी घरदार विकणे व्यर्थ आहे. उलट, सहा आठवड्यांऐवजी सुमारे अडीच आठवड्यांत १३ हप्त्यांचा उपचार दिला तरी परिणाम जवळपास सारखाच मिळतो, असे इजिप्तमधील कैरो येथील अभ्यासात दिसून आले आहे. रुग्णालयातील वाचलेला प्रत्येक दिवस त्या मुलाला आपल्या घरी, आपल्या माणसांत घालविता येतो. डॉक्टरांनी हे सत्य सहृदयतेने पण स्पष्टपणे सांगणे, आणि पालकांनी ते विचारण्याचे धैर्य करणे, दोन्ही गरजेचे आहे.

जवळ की दूर?

मिरज येथील श्री सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालय, कराड येथील कृष्णा रुग्णालय आणि सातारा परिसरातील कर्करोग केंद्र येथे आज किरणोपचार उपलब्ध आहे. मग मुंबईला जावे की नाही? याचे उत्तर दोन भागांत दिले पाहिजे. बालकाच्या मेंदूतील गाठीचे अचूक निदान, तिच्या पेशींची सूक्ष्म तपासणी आणि उपचारांची दिशा ही ठरविण्याचे काम बालकर्करोगतज्ज्ञ, मेंदूचे शल्यविशारद व किरणोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून करावयाचे आहे. ज्या केंद्रात अशी मुले नित्य येतात, तेथे हा सल्ला एकदा तरी घेणे हितावह असते. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या जाळ्यामुळे देशातील अनेक कर्करोग रुग्णालये परस्परांशी जोडली गेली असून, दूरच्या रुग्णालयातील डॉक्टरांनाही तज्ज्ञांशी विचारविनिमय करता येतो.

दिशा ठरल्यावर प्रत्यक्ष उपचार कोठे घ्यावा, हा दुसरा प्रश्न. गाठ एकाच जागी असेल, मूल न हलता पडून राहू शकेल इतके मोठे असेल आणि जवळच्या केंद्रात आधुनिक आखणीची सोय असेल, तर सहा आठवडे घरून ये-जा करून उपचार घेण्यात काहीच गैर नाही. मूल लहान असून रोज भूल देण्याची गरज असेल, अथवा संपूर्ण मेंदू व मज्जारज्जूला किरण द्यावयाचे असतील, तर अनुभवी बालकेंद्रातच जाणे श्रेयस्कर.

मुंबईला जावे लागले, तर निवासाचा प्रश्न उभा राहतो. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेने कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना आसरा दिला आहे. २००६ मध्ये कार्याला सुरुवात केलेली सेंट ज्यूड ही संस्था उपचारासाठी आलेल्या मुलांची व त्यांच्या पालकांची राहण्याची विनामूल्य सोय करते. रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर कर्करुग्णाला व त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. राज्य शासनाची जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू होऊन २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव देण्यात आले. कर्करोगाच्या अनेक उपचारांचा तीत समावेश आहे. आपल्या मुलाचा नेमका कोणता उपचार योजनेत बसतो, याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी करावी.

वेळेचे महत्त्व

यंत्राच्या निवडीइतकाच, किंबहुना अधिक, परिणाम वेळेचा होतो. मेड्युलोब्लास्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत किरण सुरू व्हावे लागतात. एकदा सुरू झाल्यावर त्यात खंड पडता कामा नये. युरोपातील एका मोठ्या अभ्यासात, ज्या मुलांचा किरणोपचार ५० दिवसांच्या आत पूर्ण झाला त्यांपैकी सुमारे ७९ टक्के मुले तीन वर्षांनंतर रोगमुक्त होती. ज्यांचा उपचार त्याहून लांबला, त्यांत हे प्रमाण सुमारे ५४ टक्केच होते. सुगीचे दिवस, जत्रा, घरातील लग्न किंवा पैशांची चणचण यांपायी मधले आठ दिवस वाया गेले, तर ते नुकसान जगातील कोणतेही यंत्र भरून काढू शकत नाही. अधिक चांगल्या यंत्राच्या प्रतीक्षेत सुरुवातच लांबविणे हेही तितकेच घातक. प्रोटॉनसाठी थांबावे की लगेच क्ष-किरण सुरू करावे, हा निर्णय दिवस मोजून घ्यावयाचा असतो.

उपचाराचे दिवस आणि त्यानंतर

उपचारापूर्वी मुलाच्या चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी ठेवून तिचा मुखवटा बनवितात. ती थंड होताच कडक होते आणि रोज डोके त्याच जागी राहते. मुखवट्याला छिद्रे असल्याने श्वास कोंडत नाही. किरण देण्यास काही मिनिटेच लागतात. त्या वेळी मूल खोलीत एकटे असते, पण कॅमेऱ्यातून त्याच्याकडे सतत लक्ष असते. उपचार संपल्यावर मुलाच्या शरीरात किरण शिल्लक राहत नाहीत. त्याला जवळ घेण्यात, भावंडांसोबत जेवू-खेळू देण्यात कोणताही धोका नाही. काही आठवडे केस गळतात, थकवा येतो, मळमळते. काही मुलांना उपचार संपल्यावर महिना-दीड महिन्याने खूप झोप येते. बहुधा हे सारे तात्पुरते असते.

नंतरची देखरेख मात्र अनेक वर्षे चालू ठेवावी लागते. उंची व वजन नियमित मोजावे, संप्रेरके व श्रवणशक्ती तपासावी. वाढीच्या किंवा थायरॉइडच्या संप्रेरकाची उणीव औषधांनी भरून काढता येते. पण ती वेळीच लक्षात यावी लागते. ही कामे जिल्ह्यातच होऊ शकतात. शाळेची भूमिकाही मोठी आहे. पूर्वी हुशार असलेले मूल उपचारानंतर संथ झाले, तर तो आळस नव्हे. त्याला पुढच्या बाकावर बसविणे, परीक्षेत अधिक वेळ देणे आणि डोक्यावर केस नाहीत म्हणून त्याची थट्टा होऊ न देणे, एवढे शिक्षकांनी केले तरी त्या मुलाचे शिक्षण सुटणार नाही.

पहिली खूण घरातच

या सर्व उपचारांची पहिली पायरी मात्र कोणत्याही रुग्णालयात नसून घरात व शाळेत आहे. सकाळी उठताच डोके दुखणे व उलटी होणे, नंतर दिवसभर बरे वाटणे; चालताना झोक जाणे; नव्याने तिरळेपणा येणे किंवा एकाचे दोन दिसणे; मान एका बाजूस कलती ठेवणे; तान्ह्या बाळाचे डोके वेगाने मोठे होणे; ही लक्षणे पित्त, जंत किंवा नजर लागल्याची मानून घरगुती उपायांत आठवडे घालविले जातात. प्रत्येक डोकेदुखीमागे गाठ नसते, हे खरे. परंतु अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली वा वाढत गेली, तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे तज्ज्ञांकडे नेऊन मेंदूची तपासणी करून घ्यावी. चालण्यात झोक किंवा नजरेत बिघाड दिसल्यास तेवढेही थांबू नये.

कोबाल्टच्या धूसर झोतापासून जागच्या जागी थांबणाऱ्या प्रोटॉनपर्यंत विज्ञानाने मोठी मजल मारली आहे आणि तिची फळे महाराष्ट्राच्या दाराशी आली आहेत. पण यंत्र कितीही अचूक असले, तरी ते आपल्यापर्यंत वेळेत पोचलेल्या मुलालाच वाचवू शकते. जतच्या किंवा पाटणच्या दुर्गम वाडीतील मातेने पहिली खूण ओळखली, आरोग्य सेविकेने तिला योग्य दवाखान्याची वाट दाखविली, आणि कुटुंबाने सहा आठवड्यांचा उपचार एकही दिवस न चुकविता पूर्ण केला, तर ते मूल पुन्हा शाळेच्या पायऱ्या चढेल.